आघाडीवरील जवानाचा बातमीवरील हक्क

बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात गोदाकाठी वसलेले राक्षसभुवन शनीच्या क्षेत्रामुळे सर्वांस परिचित असले, तरी फौजेच्या बातमीव्यवस्थेचा विचार करणाऱ्याने १० ऑगस्ट १७६३ रोजी तेथे झालेल्या संग्रामाचेही अवश्य स्मरण करावे. पुणे लुटून औरंगाबादेकडे परतणारा निजाम नदीपार झाला होता, दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेनिशी दक्षिण तीरावर होता आणि मध्ये पावसाळी गोदावरी दुथडी वाहत होती. अशा समयी माधवराव पेशवे आणि राघोबादादा यांनी हल्ला चढविला, दिवाण रणात पडला, आणि निजामाला पैलतीरावरून कुमक धाडता आली नाही. शत्रू दुभंगलेला होता तेवढाच काळ ती संधी होती; तिची खबर दिरंगाईने मिळती, तर ती केवळ दप्तरात नोंदवण्याच्या योग्यतेची उरती.

त्या काळी जासूद-हरकारे जे काम करीत, त्याचा मोठा भाग आज शत्रूचे बिनतारी संदेश टिपणाऱ्या विमानांकडे आला आहे. सपाट प्रदेशात दहा मीटर उंच मनोऱ्याचे बिनतारी क्षितिज सुमारे १३ किलोमीटरवर संपते, तर नऊ किलोमीटर उंचीवरील विमानाचे सुमारे ३९० किलोमीटरपर्यंत विस्तारते; शिवाय उडता उडता निरनिराळ्या बिंदूंवरून दिशा मोजून हे विमान शत्रूच्या संचाचे स्थानही निश्चित करू शकते. डोंगररांगांनी अडविलेल्या सरहद्दीवर या सामर्थ्याला पर्याय नाही.

चीनशी झालेल्या युद्धानंतर, १९६३ मध्ये, आपण हवाई संशोधन केंद्र स्थापन केले. परंतु ते नागरी गुप्तचर यंत्रणेच्या अखत्यारीत राहिले. १९९९ च्या कारगिल युद्धात, मे महिन्यात, पाकिस्तानचे लष्करप्रमुख जनरल मुशर्रफ यांचे बीजिंगहून झालेले संभाषण आपल्या गुप्तचरांनी टिपले, आणि ते जूनमध्ये जाहीर होताच पाकिस्तानचा खोटेपणा जगापुढे आला. मुत्सद्देगिरीचा तो मोठा विजय होता. मात्र कारगिलच्या शिखरांवर चढणाऱ्या तुकडीला हवी असलेली माहिती निराळ्या जातीची असते: पुढच्या खडकामागे किती माणसे आहेत, त्यांची तोफ कोठे आहे, कुमक कोणत्या वाटेने येत आहे. त्या युद्धाच्या चौकशीसाठी नेमलेल्या सुब्रह्मण्यम समितीनेही टेहळणीच्या साधनांतील आणि यंत्रणांच्या समन्वयातील उणिवांवर बोट ठेवले.

त्यानंतर बरेच साध्य झाले. २०१७ मध्ये हवाई दलाला मिळालेले, स्वदेशी यंत्रणा बसविलेले ‘नेत्र’ विमान रडारबरोबरच शत्रूचे संदेश टिपण्याची साधनेही वागविते. तथापि विमानांची संख्या वाढविण्याइतकेच महत्त्व बातमीच्या प्रवासाला दिले पाहिजे. विमानात शत्रूची भाषा व बोली जाणणारे दुभाषे तैनात असावेत, युद्धप्रसंगी त्याला कामगिरी सोपविण्याचा अधिकार आघाडीच्या सेनापतीकडे असावा, आणि निकडीची खबर वरिष्ठ कचेऱ्यांच्या मंजुरीची वाट न पाहता थेट तुकडीच्या नायकापर्यंत जावी.

बातमी फार जणांना दिली, तर शत्रू सावध होऊन आपले संच बंद ठेवील, हा आक्षेप वजनदार आहे. परंतु बातमी कशी मिळाली हे गुप्त ठेवून तिचा मथितार्थ सांगता येतो. नायकाला तोफेचे ठिकाण कळले पाहिजे, ते कोणत्या साधनाने कळले हे नव्हे.

बीडसारख्या अवर्षणग्रस्त जिल्ह्यातील तरुण सैन्यात भरती होतो, तेव्हा आपल्या प्राणांचा भार तो सरकारवर विश्वासाने सोपवितो. म्हणून अशा प्रत्येक विमानाच्या खरेदीचा प्रस्ताव मंजूर करताना सरकारने एक कसोटी अनिवार्य करावी: आकाशात ऐकलेला शब्द जमिनीवर लढणाऱ्या जवानापर्यंत किती मिनिटांत पोचतो?