बरी झाली, म्हणजे काय झाली?



कॅन्सरचे उपचार संपले की घरात पेढे वाटतात, आणि चार दिवसांत त्याच बाईच्या हाती विळी येते. नोकरीवालीला निदान रुजू व्हायची तारीख असते. सुरुवातीला अर्धा दिवस येते म्हणून साहेबांना विचारता येतं. गृहिणीला मुळात रजाच नव्हती, ती रुजू कधी होणार? मी कॉमर्सची. ज्या कामाची नोंद कुठल्याच वहीत नाही, ते अर्धं करून मागायचं तरी कुणाकडे?

फिट्झह्यू मुल्लन या अमेरिकी डॉक्टरांना स्वतःलाच कॅन्सर झाला होता. 1985 मध्ये त्यांनी लिहिलं, की उपचार संपले की दुसरा टप्पा सुरू होतो: आजार उलटण्याची भीती आणि थकलेलं शरीर. तोही दवाखान्यात नव्हे, घरी काढायचा. आर्थर फ्रँक हे समाजशास्त्रज्ञही या आजारातून गेलेले. त्यांनी रुग्णांच्या कहाण्यांचा अभ्यास केला आणि 1995 च्या पुस्तकात सांगितलं, की लोकांना एकच कहाणी आवडते: काल ठणठणीत, आज आजारी, उद्या पुन्हा ठणठणीत. मग 'मला अजून जमत नाही' हे ऐकणार कोण? आपण भेटायला जातो आणि आपल्याच गुडघ्यांचं सांगून येतो.

विचारलं तर ती सांगते. झोपूनही न जाणारा थकवा. केमोनंतरचा विसराळूपणा, मीठ दोनदा पडतं. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर हात सुजतो, कधी कधी काही वर्षांनीसुद्धा. आणि चौक्यासाठी विहिरीच्या पाण्याची कळशी आपण तिच्याच हातात देतो!

वरून कुणी तरी 'पूर्वकर्म' म्हणतंच. कर्मसिद्धांत स्वतःकडे बघायला आहे, दुसरीच्या उशाशी बसून निकाल द्यायला नाही, असं माझं स्पष्ट मत. दशलक्षणात 'आता बरी आहेस ना, मग दहा उपवास कर' हा आग्रहही तसलाच. षोडशकारण भावना आपल्याला पाठ असतात. त्यांत नुसतं तप नाही, 'शक्तितस्तप' आहे. म्हणजे शक्ती पाहून. वैयावृत्त्यही त्यांतच आहे, पण त्याची पावती फाडत नाहीत, म्हणून बहुधा लक्षात राहत नाही.

यंदा चौक्याच्या पाळ्या लावताना प्रत्येकीला आधी विचारावं, असं मी महिला मंडळात सुचवलं आहे. पाणी भरायचं, धान्य निवडायचं की नुसतं स्वाध्यायाला बसायचं, ते तिनं सांगावं. कारण विचारू नये.