गदिमा : कवी की पटकथाकार?

ज्या कवीची रामकथा महाराष्ट्राच्या घराघरात पाठ आहे, त्याला 'कवी' म्हणावे की 'गीतकार', यावर मराठी समीक्षा दीर्घकाळ घुटमळत राहिली. कै. ग. दि. माडगूळकरांच्या ऐन उमेदीच्या काळात समीक्षेची पाने नवकाव्याच्या चर्चेने व्यापली होती. चित्रपटासाठी, तेही दिलेल्या चालीवर आणि ठरलेल्या मुदतीत लिहिणारा मनुष्य त्या पंक्तीत बसणारा नव्हता. 'जोगिया'च्या कवीचे कौतुक झाले. पण त्याच्या चित्रपटलेखनाकडे पोटापाण्याचा उद्योग म्हणूनच पाहिले गेले. ही विभागणीच मुळात चुकीची आहे. माडगूळकरांतला पटकथाकार वगळला, तर त्यांच्यातला कवीही नीट हाती लागत नाही.

दि. १ ऑक्टोबर १९१९ रोजी शेटफळे येथे जन्मलेला, औंध संस्थानात शिकलेला हा मुलगा मॅट्रिकला नापास झाला आणि १९३८ च्या सुमारास कोल्हापुरात मास्टर विनायकांच्या 'हंस'मध्ये दाखल झाला. काम मिळाले ते किरकोळ भूमिकांचे. तेथेच वि. स. खांडेकरांचे लेखनिक म्हणून काम करता करता कथा कशी रचली जाते, याचे शिक्षण त्यांना मिळाले. महाविद्यालयाचे तोंड न पाहिलेल्या या लेखकाचे विद्यापीठ म्हणजे चित्रपटाचा स्टुडिओ. पुढे 'रामजोशी', 'पुढचं पाऊल', 'लाखाची गोष्ट', 'जगाच्या पाठीवर' अशी चित्रपटांची रांगच लागली. 'आकाशाची फळे' या त्यांच्या कादंबरीतले कुंभाराचे दरिद्री, लेकुरवाळे घर १९६१ मध्ये 'प्रपंच'च्या रूपाने पडद्यावर आले.

माणदेशाच्या मातीशी त्यांची नाळ तुटली नव्हती. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) राष्ट्रपतींचे सुवर्णपदक घेऊन गेला, बर्लिनच्या महोत्सवातही गाजला. त्याची कथा माडगूळकरांची. तिचे बीज होते आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगात! औंधच्या पंतप्रतिनिधींच्या राज्यात कैद्यांना भिंतीविना ठेवण्याचा जो प्रयोग झाला, तो गदिमांच्या घराच्या अंगणातलाच म्हणायचा. बर्लिनच्या प्रेक्षकांनी नावाजलेल्या या कथेचे मूळ माणदेशच्या माळरानावर आहे, हे किती मराठी रसिकांना ठाऊक असेल?

आता 'गीतरामायण' या दृष्टीने पाहावे. पुणे आकाशवाणीवर सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला ते सुरू झाले. बावन्न आठवड्यांची योजना अधिक भाद्रपदामुळे छप्पन्न गीतांवर गेली. आठवड्याला एक गीत, ही कवीसाठी कठोर शिक्षाच. पण चित्रपटसृष्टीत मुरलेल्या लेखनिकाला तिची सवय होती. महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. कवीने रामकथा स्वतःच्या तोंडून सांगितलेली नाही. प्रत्येक गीत एका पात्राला, एका प्रसंगाला नेमून दिले आहे. अपत्यहीन कौसल्येचा सल, वचनाची आठवण देणारी कैकेयी, नावाड्यांचा मेळा, सूडाने पेटलेली शूर्पणखा, कृतार्थ शबरी : कोण बोलते, कोणापुढे बोलते आणि त्या क्षणी त्याच्या मनात काय आहे, हे आधी ठरते, शब्द नंतर येतात. सुमंत वनातून रिता रथ घेऊन परततो आणि रामाचा निरोप सांगतो. निरोपाचा प्रसंग स्वतः न दाखवता तो परतलेल्या सारथ्याच्या मुखातून ऐकवणे, ही पटकथाकाराची नजर आहे. आरंभी कुशलव रामासमोर रामायण गातात आणि छप्पन्नाव्या गीतात वाल्मीकी त्याच बाळांना ते गाण्यास सांगतात. म्हणजे कथा जेथून सुरू झाली, तेथेच येऊन पोहोचते. ही बांधणी केवळ भावगीते रचणाऱ्याला साधली नसती.

संगीतकार सुधीर फडके संघाचे स्वयंसेवक, तर कवी काँग्रेसच्या बाजूचा, १९६२ पासून बारा वर्षे विधान परिषदेचा सदस्य. दोघांच्या वाटा राजकारणात वेगळ्या असूनही रामकथेपुढे त्या आड आल्या नाहीत, हेही जाता जाता नोंदवायला हरकत नाही.

माडगूळकरांना मान मिळाला नाही, असे नव्हे. १९६९ मध्ये पद्मश्री झाले; १९७३ मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १४ डिसेंबर १९७७ रोजी, वयाच्या अवघ्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ते गेले. २०१९ मध्ये त्यांची, बाबूजींची आणि पु. लं.ची जन्मशताब्दी एकाच वर्षी आली आणि गावोगावी गीतांचे कार्यक्रम रंगले. त्या गर्दीत त्यांच्या पटकथांची आठवण क्वचितच कोणी काढली. गीते कंठात राहतात. संवादांच्या वह्या मात्र चित्रपट पडद्यावरून उतरला की अडगळीत जातात. दीडशेच्या आसपास मराठी चित्रपटांशी नाव जोडलेल्या लेखकाच्या निवडक पटकथा तरी नीट संपादून, टिपांसह वाचकांच्या हाती द्यायला मराठीच्या एखाद्या विद्यापीठाने पुढे यायला नको काय?