गाझाची हरितगृहं : फॉरवर्ड करण्याआधी पूर्ण गोष्ट वाचा

गाझाचा विषय निघाला की सोशल मीडियावर एक वाक्य हमखास दिसतं : ‘आयती हरितगृहं मिळाली होती, यांनी ती लुटली.’ वाक्य खोटं नाही, पण अर्धंच आहे.

झालं असं की, १९६७ च्या युद्धात ताब्यात घेतलेल्या गाझा पट्टीतून इस्रायल २००५ मध्ये बाहेर पडला. २१ वसाहती रिकाम्या झाल्या, सुमारे आठ हजार इस्रायलींना घरं सोडावी लागली. त्यांच्या हरितगृहांत टोमॅटो, ढोबळी मिरची पिकायची, ती युरोपात जायची. तिथे राबणारे मजूर मात्र बरेचसे पॅलेस्टिनी होते. हा रोजगार बुडू नये म्हणून जागतिक बँकेचे माजी अध्यक्ष जेम्स वोल्फेनसन यांनी पुढाकार घेतला. देणगीदारांकडून १ कोटी ४० लाख डॉलर उभे राहिले, त्यात ५ लाख त्यांचे स्वतःचे. म्हणजे हरितगृहं फुकट मिळालेली नव्हती, विकत घेतलेली होती. काही मालकांनी तर निघण्याआधीच आपली हरितगृहं उखडून नेली.

सप्टेंबरमध्ये सैन्य गेलं आणि लुटालूट झाली. पाइप, पंप, प्लास्टिक, जे हाती लागेल ते लोकांनी नेलं. पॅलेस्टिनी पोलिसांना ते थांबवता आलं नाही.

व्हायरल गोष्ट इथेच संपते. प्रत्यक्षात बरीच हरितगृहं दुरुस्त झाली, लागवड झाली, पीकही आलं. नोव्हेंबरमध्ये करार झाला की, वर्षअखेरीपर्यंत कार्नी नाक्यातून रोज १५० ट्रक माल बाहेर पडेल. तसं घडलं नाही. हल्ल्याच्या धोक्याचं कारण देत इस्रायलने २००६ च्या सुरुवातीला नाका वारंवार बंद ठेवला. आता विचार करा, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आठवडाभर गाडीत अडकली तर काय उरेल? गाझातली स्ट्रॉबेरी आणि टोमॅटोही असेच नासले. त्याच वर्षी वोल्फेनसन पदावरून बाजूला झाले.

आज एक बाजू म्हणते, ‘जमीन दिली तरी यांना सांभाळता आली नाही.’ दुसरी म्हणते, ‘जमीन दिली, पण दाराची किल्ली स्वतःकडेच ठेवली.’ दोघांकडेही पुरावा आहे. म्हणूनच पुढच्या प्रत्येक वाटाघाटीत हा अविश्वास आधीच येऊन बसलेला असतो.

आपल्याकडे कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. शेत नावावर झालं, पण बांधावरची वाट दुसऱ्याच्या हातात राहिली, तर भांडण मिटत नाही. म्हणून यापुढे कुठल्याही माघारीची बातमी वाचाल, तेव्हा जमीन कुणाला मिळाली एवढ्यावर थांबू नका. माल बाहेर न्यायचा रस्ता कुणाकडे राहिला आणि मधल्या काळात राखण कोण करणार होतं, हेही विचारा.