आपत्तीतील नोंदवही

1971 च्या पावसाळ्यात पश्चिम बंगालमधील बनगावच्या रुग्णालयात पटकीच्या रुग्णांना ठेवायला खाटा उरल्या नव्हत्या. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची संख्या पुढे कोटीच्या घरात गेली. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले होते आणि ते लावू शकणारी माणसेही मोजकीच होती. डॉ. दिलीप महालनाबिस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा ठरलेल्या प्रमाणात पाण्यात मिसळून तोंडावाटे द्यायला सुरुवात केली आणि ते पाजण्याचे काम रुग्णांच्या आप्तांवर सोपवले. छावण्यांमध्ये पटकी झालेल्यांपैकी शंभरातले तीसेक दगावत होते. महालनाबिस यांच्या केंद्रात सुमारे 3,700 रुग्णांमध्ये हे प्रमाण 3.6 टक्क्यांवर आले. तशाच मिश्रणाला आज आपण जलसंजीवनी म्हणतो.

ही हकिकत बहुधा एका धाडसी डॉक्टरची म्हणून सांगितली जाते. धाडस होतेच, पण तेवढ्याने ती पुरी होत नाही. तोंडावाटे दिलेल्या अशा द्रावणाने सलाईनची गरज खूप कमी होते, हे ढाक्यातील संशोधकांनी 1968 मध्येच रुग्णांवर तपासून प्रसिद्ध केले होते. तो प्रयोग मात्र प्रशिक्षित कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखालचा होता. आईने, भावाने, शेजाऱ्याने पाजले तर ते चालेल का, हा प्रश्न शिल्लक होता आणि त्याचे उत्तर बनगावला मिळाले. ते मिळाले, कारण त्या धुमाळीतही किती आले आणि किती गेले याची नोंद कोणीतरी ठेवत होते. ती ठेवली नसती, तर सलाईनच्या टंचाईत शोधलेली एक तडजोड म्हणून ती कृती त्या छावणीबरोबरच विस्मरणात गेली असती. आपत्तीतले संशोधन मदतकार्य आटोपल्यावर करायचे काम नव्हे, तो मदतकार्याचाच भाग आहे, असे मी म्हणतो ते यासाठी.

यावर पहिला आक्षेप निघतो तो वेळेचा: माणसे मरत असताना कागद कोण भरणार? त्याला कोविडच्या काळाने उत्तर दिले आहे, आणि ते आपल्याच देशातले आहे. 2020 च्या एप्रिल ते जुलै या महिन्यांत आयसीएमआरने 39 रुग्णालयांतील 464 रुग्णांवर प्लाझ्मा उपचाराची चाचणी केली. प्लाझ्मा मिळालेल्यांपैकी 19 टक्क्यांचा आजार बळावला किंवा त्यांचा मृत्यू झाला. न मिळालेल्यांत हे प्रमाण 18 टक्के होते. म्हणजे उपयोग दिसला नाही. हे निष्कर्ष ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झाले, नोव्हेंबरमध्ये सरसकट वापराविरुद्ध सूचनाही निघाली. तरीही उपचारांच्या राष्ट्रीय नियमावलीत प्लाझ्मा राहिला तो 2021 च्या मे महिन्यापर्यंत. दुसऱ्या लाटेत मुंबई-पुण्यापासून दिल्लीपर्यंत किती लेकी आणि लेक प्लाझ्मादाता शोधत फिरले, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. पण ती काडी तरंगत नाही हे माहीत असलेल्यांनी ती पुढे करू नये. संशोधनाला वेळ लागला नाही, वेळ लागला तो व्यवस्थेला ते ऐकायला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. घरदार गमावलेल्या माणसाची संमती कितपत खरी? अगतिकांवर प्रयोग करणे हा अन्यायच नव्हे का? ही भीती अनाठायी नाही आणि संशोधकांनी ती सतत बाळगावी. पण न तपासलेले औषध सर्वांना देऊन परिणाम न मोजणे हाही प्रयोगच असतो. त्यातून कोणी काही शिकत नाही, एवढाच फरक. काँगोच्या पूर्व भागात सशस्त्र टोळ्या आरोग्य केंद्रांवर हल्ले करत असताना, 2018 च्या नोव्हेंबरमध्ये इबोलावरील चार औषधांची तुलना सुरू झाली. जुन्या दोन औषधांवरचे जवळपास निम्मे रुग्ण दगावत होते, नव्या दोन औषधांवर हे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास होते. फरक दिसताच, 2019 च्या ऑगस्टमध्ये, स्वतंत्र देखरेख समितीच्या शिफारशीवरून ती तुलना थांबवली गेली आणि पुढच्या रुग्णांना चांगली दोन औषधे मिळू लागली. आधीपासून नेमलेली, थांबवण्याचा सल्ला देण्यास मोकळी असलेली अशी समिती हे दुबळ्यांचे खरे संरक्षण आहे. संशोधनच नाकारले, तर तेही त्यांच्या वाट्याला येत नाही.

आपल्या आपत्ती आराखड्यांत होड्या, तंबू आणि धान्य यांचा विचार होतो, तसाच नोंदींचाही व्हायला हवा. सांगली-कोल्हापूरला 2019 सारखा पूर पुन्हा येईल तेव्हा प्रतिबंधक गोळ्या कोणाला दिल्या, त्यांतले किती आजारी पडले, हे लिहिणारा कर्मचारी आधीच ठरलेला असावा. संशोधनाचा आराखडा नीतिसमितीकडून शांततेच्या काळातच तपासून घेतलेला असावा. आणि एखादा उपचार निरुपयोगी ठरला, तर तो बंद करण्याचा आदेश कोणाच्या सहीने निघेल आणि किती दिवसांत शेवटच्या आशाताईपर्यंत पोहोचेल, हेही त्याच कागदावर लिहिलेले असावे.