रस्ता मोकळा झाला, पण…

नागपूर-तुळजापूर महामार्ग आमच्या महागावावरून जातो. बस स्थानकापाशी उमरखेडची गाडी कधी येणार, हे चौकशीच्या खिडकीआधी टपरीवाला सांगे. शेजारी भाजीवाल्या बाई. माझी नात शाळेतून येताना त्यांच्यापाशी दप्तर ठेवून माझी वाट पाही.

मध्यंतरी अतिक्रमण हटलं. रस्ता मोकळा झाला, हे मान्य. पण २०१४ चा पथविक्रेता कायदा सांगतो, की सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं देईपर्यंत कुणाला उठवू नये. शहर समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे असावेत. मी हे वाचलं, ते त्या गेल्यावर!

परवा बाई दारावर आल्या, डोक्यावर टोपली. भाव सांगण्याआधी म्हणाल्या, “काकाजी, पोरगी आता कोणापाशी थांबते?”