वाटाड्याच्या हाती निकालपत्र

मयूर विहारच्या फेज 1 मध्ये उत्तर गुरुवायूरप्पन मंदिर आहे. केरळी धाटणीचं हे देऊळ दिल्लीतल्या मल्याळी माणसाची गावच्या देवळाची ओढ भागवतं. फेज 3 कडे गेलं की केरळहून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांची वस्ती लागते. त्यांत कॅथलिक आहेत, ऑर्थोडॉक्स आहेत, मार थोमा आहेत, पेंटेकोस्टलही आहेत. रविवारी सकाळी एकाच जिन्यावरून एक बिऱ्हाड प्रार्थनेला उतरतं, तर समोरचं देवळाकडे निघतं. दोघांची भाषा एक, ओणम एक, ताटातला भातही एक. पण ‘येशूवाचून तारण नाही’ हे वाक्य शब्दशः घेतलं, तर या दोन दारांपैकी एकच स्वर्गाच्या दिशेने उघडतं. गावी जाताना घराची किल्ली ज्यांच्याकडे विश्वासाने ठेवायची, ती समोरची माणसं मरणानंतर कायमची गमावलेली ठरतात.

या वाक्याची खिल्ली उडवणं सोपं आहे, आणि म्हणूनच ते टाळायला हवं. पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडल्याशिवाय खंडनाला अर्थ नसतो.

पूर्वपक्ष असा. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात येशू स्वतःला मार्ग, सत्य आणि जीवन म्हणवतो आणि आपल्याद्वारे आल्यावाचून कुणी पित्याकडे पोचत नाही असं सांगतो. प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र म्हणतो, तारणासाठी माणसांना दुसरं नाव दिलेलंच नाही. 1974 साली स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे जमलेल्या इव्हँजेलिकल मंडळ्यांनी एकच तारणारा आणि एकच शुभवार्ता, हे पुन्हा ठासून सांगितलं. 2000 साली व्हॅटिकनच्या ‘डॉमिनुस येसुस’ या दस्तऐवजानेही ख्रिस्ताच्या एकमेवतेला ढिलाई येऊ दिली नाही. यामागची भावना उद्धटपणाची असतेच असं नाही. रात्री शेजारच्या घराला आग लागली, तर दार वाजवणारा माणूस आगाऊ ठरत नाही. ‘त्यांचं ते बघतील’ म्हणत कूस बदलणारा मात्र निर्दय ठरतो. प्रामाणिक धर्मप्रचारक स्वतःला दार वाजवणारा समजतो.

इतकं मान्य करूनही मूळ दावा टिकत नाही, कारण त्यात दोन वेगळी विधानं एका गाठीत बांधलेली आहेत. ‘ख्रिस्त तारतो’ हे पहिलं. ‘जो ख्रिस्ताचं नाव घेत नाही तो तरत नाही’ हे दुसरं. पहिली साक्ष आहे, दुसरा निकाल. साक्ष देणाऱ्याने स्वतः अनुभवलेलं सांगावं. निकाल देणाऱ्याला मात्र जगातल्या प्रत्येक माणसाचं अंतःकरण आणि त्याचा शेवटचा क्षण ठाऊक असावा लागतो. शिवाय पहिल्यातून दुसरं निघतही नाही. पीक सूर्यामुळे येतं हे खरं. म्हणून सूर्याची स्तोत्रं ठाऊक नसलेल्या कुणब्याचं शेत काही करपून जात नाही.

योहानातलं ते वाक्य येशूने कुणाला सांगितलं, हेही पाहण्यासारखं आहे. ती शेवटच्या भोजनाची रात्र. गुरू जाणार म्हणून शिष्य हादरलेले. थोमा विचारतो, तू कुठे जातोस हेच आम्हाला ठाऊक नाही, मग वाट कशी कळणार? त्या भांबावलेल्या माणसाला दिलेला धीर म्हणजे ते उत्तर. दूरदेशी राहणाऱ्या, येशूचं नावही न ऐकलेल्या लोकांचं काय होणार, असा प्रश्न त्या खोलीत कुणी विचारलेलाच नव्हता. आणि हा थोमा म्हणजे तोच प्रेषित, जो इसवी सन 52 मध्ये आपल्या किनाऱ्याला लागला असं केरळचे ख्रिस्ती परंपरेने मानतात.

तारणाचा प्रश्न नेमका विचारला गेला तो लूकच्या दहाव्या अध्यायात. एक धर्मशास्त्री येशूला विचारतो, शाश्वत जीवन मिळवायला मी काय करू? त्या संवादाच्या ओघात येशू लुटला गेलेल्या वाटसरूची गोष्ट सांगतो. याजक आणि लेवी त्याला वळसा घालून निघून जातात. जखमा बांधतो तो शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी धर्मभ्रष्ट माणूस. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातल्या न्यायाच्या प्रसंगी भुकेल्याला जेवू घातलं का, उघड्याला वस्त्र दिलं का, कैद्याला भेटलं का, एवढीच विचारणा होते. उजव्या हाताला उभे केलेले लोक तर स्वतःच चकित होतात, आम्ही तुझी सेवा केली तरी कधी?

यावर जाणकार विरोधक म्हणेल, तारण कर्माने मिळत नाही, ते कृपेने मिळतं. शोमरोन्याची गोष्ट शेजारधर्माची आहे. ठीक. पण तारण जर निव्वळ कृपा असेल, तर त्या कृपेची हद्द बाप्तिस्म्याच्या नोंदवहीपाशी संपते हे ठरवलं कुणी?

ठरवलं ते माणसांनी, आणि पुढे बदललं तेही माणसांनीच. ‘चर्चबाहेर तारण नाही’ हे सूत्र तिसऱ्या शतकातल्या कार्थेजच्या सिप्रियनकडे जातं. त्याचा रोख चर्चमधून फुटून निघालेल्या ख्रिस्ती गटांवर होता. 1442 मध्ये फ्लॉरेन्सच्या धर्मसभेने तेच सूत्र मूर्तिपूजक, यहुदी आणि पाखंडी अशा सगळ्यांना लावलं आणि मरणापूर्वी चर्चमध्ये न आलेल्यांना सार्वकालिक अग्नी सांगितला. त्या निकालाचं ओझं प्रत्यक्षात किती जड असतं, हे शतकभरानंतर फ्रान्सिस झेवियरला जपानमध्ये दिसलं. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांनी त्याला आपल्या मेलेल्या आईबापांचं काय, असं विचारलं. त्यांच्या सुटकेला वाट नाही, असं त्याने सांगितलं. ते ऐकून ती माणसं रडली, हे त्यानेच 1552 च्या जानेवारीत कोचीनहून लिहिलेल्या पत्रात नोंदवलंय. ज्याचा देह गोव्यात आजही श्रद्धेने जपला जातो, त्या संतालाही त्यांच्या रडण्यावर उत्तर सापडलं नाही.

उत्तर यायला आणखी चारशे वर्षं लागली. 1964 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मान्य केलं, की स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान कळलं नाही, पण जे मनापासून देवाचा शोध घेतात आणि सद्सद्विवेकाने वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. 1965 मध्ये त्याच परिषदेने इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते आपण नाकारत नाही, असं जाहीर केलं. त्याआधीची बोस्टनच्या लिओनार्ड फीनी या जेझुइट धर्मगुरूची कहाणी मासलेवाईक आहे. ‘चर्चबाहेर तारण नाही’ याचा सर्वांत कडक अर्थ लावून त्याने इतका आग्रह धरला, की 1949 मध्ये रोमने पत्र लिहून तो अर्थ चुकीचा ठरवला. रोमच्या बोलावण्यालाही त्याने दाद दिली नाही, तेव्हा 1953 मध्ये आज्ञाभंगाबद्दल त्यालाच चर्चबाहेर काढण्यात आलं.

युरोपातला हा प्रवास कुणी उदारमतवादाची लाट म्हणून झटकून टाकेल. म्हणून मयूर विहारातल्या मल्याळी ख्रिस्ती कुटुंबांच्या पूर्वजांकडे वळावं. 1599 च्या जूनमध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेइशु द मेनेझिस यांनी कोचीजवळच्या उदयंपेरूर इथे धर्मसभा बोलावली. पोर्तुगीज तिला ‘डायम्पर’ म्हणत. थोमाचे अनुयायी म्हणवणाऱ्या या जुन्या ख्रिस्ती समाजाच्या चुका दुरुस्त करणं हा तिचा हेतू होता. दुरुस्त करायच्या चुकांच्या यादीत एक समजूत अशी होती, की प्रत्येक माणूस आपापल्या धर्माने तरू शकतो आणि सगळे धर्म स्वर्गाकडे नेतात. देवळांच्या शेजारी शतकानुशतकं नांदलेल्या लोकांच्या मनात ही समजूत मुरलेली असावी. ती नसती, तर तिच्यावर बंदीचं कलम घालायची गरज पडली नसती. भारतातल्या सर्वांत जुन्या ख्रिस्ती समाजाला ‘एकच मार्ग, बाकी सगळे बुडाले’ हे गोव्याहून आलेल्या हुकुमाने शिकवावं लागलं. 1653 मध्ये मट्टांचेरीला कूनन क्रूसाच्या शपथेने त्यांतल्या मोठ्या गटाने पोर्तुगीज पाद्र्यांचं जू झुगारलं.

मराठी मुलखात हा प्रश्न ग्रंथांतून थेट संसारात उतरला. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा संसार मोडला, माहेरच्या आधाराने त्या दिवस काढू लागल्या. पुढे त्या टिळकांकडे आल्या तेव्हाही हिंदूच होत्या आणि सोवळंओवळं सांभाळत होत्या. बाप्तिस्मा त्यांनी घेतला 1900 साली. मधल्या वर्षांत जातीपातीचं ओझं त्यांनी स्वतः विचार करून, कुणाच्या धाकाशिवाय उतरवलं. त्यांचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचणाऱ्याला त्या बाईचा खरेपणा, दया आणि विनोदबुद्धी पानोपानी दिसते. निकालवाद्यांच्या हिशेबात मात्र 1899 ची लक्ष्मीबाई नरकाची धनी आणि 1900 ची स्वर्गाची. त्या बाईत एका वर्षात इतकं काय बदललं, याचं उत्तर या सिद्धान्ताकडे नाही.

खंडन इथवर. पण ते करताना दुसऱ्या टोकाला घसरण्याचा धोका असतो. ‘अहो, सगळे धर्म सारखेच’ हे दिवाणखान्यातलं वाक्य ऐकायला गोड, तपासायला पोकळ. सगळं सारखंच असेल, तर पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेण्याची आणि मग तिथल्याच मठातल्या सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून सिद्धान्तांवर कडाडून भांडण्याची गरज काय होती? डॉ. आंबेडकरांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात लाखोंसह धम्मदीक्षा घेतली, तो काय नुसता पत्ता बदलला? सगळे धर्म सारखेच खरे, हे मत आंबेडकरांनी स्पष्ट शब्दांत खोडून काढलं होतं. धर्माधर्मांत फरक असतात, ते तपासावेत, निवड करावी आणि निवडीची किंमतही मोजावी. ‘सगळं सारखंच’ म्हणणारा निवडणाऱ्याचा अपमानच करतो.

मग मंडन कशाचं करायचं? आंबेडकरांच्याच ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथातला एक भेद इथे उपयोगी पडतो. बुद्धाने स्वतःला मोक्षदाता म्हणवलं नाही, तो मार्गदाता होता, असं ते सांगतात. ख्रिस्ती श्रद्धेत येशू तारणारा आहे आणि ते पद ख्रिस्ती माणूस सोडणार नाही, सोडू नयेच. पण मार्गदाता आणि मोक्षदाता हा भेद त्याच्या पाळकांना आणि प्रचारकांना तरी लागू होतोच. तारणारा एक असेल तर तो येशू. उपदेशपीठावरचा माणूस फार तर वाटाडा. त्याने वाट दाखवावी. निकालपत्र त्याच्या हाती कुणी दिलेलं नाही.

अशी माणसं होऊन गेली. दिल्लीतच सेंट स्टीफन्स कॉलेजात 1904 मध्ये चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज शिकवायला आले. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात ठरावीक सणांना म्हणायचं अथनेशियन श्रद्धासूत्र होतं. ते न मानणाऱ्याचा कायमचा नाश होईल असं बजावणारी त्यातली वाक्यं, हिंदू-मुसलमान मित्रांमध्ये वावरणाऱ्या या धर्मगुरूला उच्चारवेनात. 1914 मध्ये धर्मगुरूपदाची कामं सोडून ते शांतिनिकेतनला गेले. ख्रिस्ताला मात्र त्यांनी सोडलं नाही. आपण ख्रिस्ताचे किती ऋणी आहोत यावर त्यांनी पुढे अख्खं पुस्तक लिहिलं.

टिळकांनी तर एक पाऊल पुढे टाकलं. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते म्हणत. 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभा केला. त्यात ख्रिस्ताच्या बाप्तिस्मा घेतलेल्या शिष्यांना जागा होती, तशीच न घेतलेल्यांनाही. दोन वर्षांत, 1919 मध्ये टिळक गेले. दरबार फार फोफावला नाही, तरी ख्रिस्तावर जीव ओवाळणाऱ्या माणसाला दाराशी चौकीदार बसवावा लागत नाही, हे त्याने दाखवलं.

‘बाकीचेही तरणार असतील, तर धर्मप्रचार कशाला?’ हा शेवटचा आक्षेप. भीती काढून घेतली की सांगण्यासारखं काहीच उरत नाही, असं त्यात गृहीत धरलेलं आहे. टिळक शेवटपर्यंत ख्रिस्ताचे अभंग रचत राहिले, ते श्रोत्याला नरक दाखवून नव्हे. गोड पाणी लागलं की माणूस शेजाऱ्याला हाक मारतो. त्यासाठी शेजाऱ्याच्या विहिरीत विष आहे असं सांगावं लागत नाही.

निकाल देण्याची हौस एकट्या ख्रिस्ती प्रचारकालाच असते असंही नाही. 1831 मध्ये मुंबईत मोरभट दांडेकर आणि मिशनरी जॉन विल्सन यांची जाहीर चर्चा रंगली, 1857 मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी समुद्रकिनारी पाद्र्यांशी भिडले. आपलाच धर्म तेवढा खरा, हा सूर दोन्हीकडे होता. त्या गलबल्यात जोतीराव फुल्यांनी वेगळंच चित्र रेखाटलं. त्यांच्या मृत्यूनंतर 1891 मध्ये निघालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त एक कुटुंब आहे. आईने वाटल्यास बौद्ध व्हावं, बापाने ख्रिस्ती, मुलीने मुसलमान आणि मुलाने सत्यधर्मी. आणि सगळ्यांनी एका घरात प्रेमाने राहावं, कुणी कुणाचा द्वेष करू नये. प्रत्येकाने आपापला ग्रंथ वाचून मगच निवड करायची, ही त्यातली अट. फुल्यांनी कुणालाही ‘सगळं सारखंच’ म्हणून गप्प बसवलं नाही, आणि कुणाला नरकातही धाडलं नाही.

असं एकत्र नांदण्यासाठी मयूर विहारातल्या मंडळ्यांनी आपली श्रद्धा सौम्य करायची गरज नाही. मुलांना योहानाचा चौदावा अध्याय शिकवताना त्या वाक्याच्या आधीचा थोमाचा प्रश्नही वाचून घ्यावा. त्याच तासाला लूकचा दहावा अध्याय काढावा, आणि 1599 मध्ये उदयंपेरूरला आपल्या पूर्वजांची कोणती समजूत चूक ठरवली गेली, तेही सांगावं. मग एखादं मूल समोरच्या दारातल्या आजीचं काय होणार म्हणून विचारेल, तेव्हा जपानमधल्या त्या रडणाऱ्या माणसांना मिळालेलं उत्तर त्याला देऊ नये.