विंचवाचे बिऱ्हाड आणि सोफ्याखालची जागा

साहित्यचर्चेत 'अवकाश' हा शब्द आपण अलीकडे फार सढळ हाताने वापरतो. कादंबरीचा अवकाश, लेखिकेचा अवकाश, संहितेतील रिक्त अवकाश. अवकाशाला लांबी, रुंदी, उंची असते आणि त्यात काही ठेवले की त्याला वजनही येते, याचा मात्र या वापरात विसर पडत गेला आहे. म्हणून या लेखात आम्ही एक अगदी ठोस, मोजता येण्याजोगा अवकाश विचारासाठी घेत आहोत : अमेरिकेतील ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये बसण्याच्या सोफ्याखाली असणारी जागा. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु प्रवासवर्णन शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या मंडळींना त्यात विचार करण्याजोगे बरेच आहे, असे आम्हांस वाटते.

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे स्वतःचे इंजिन नसलेले, मोटारीच्या मागे जोडून ओढून न्यायचे चाकांवरचे घर. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही आपली म्हण येथे जवळजवळ शब्दशः खरी होते. या घरात स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर, झोपायची जागा आणि दिवसा बसायला व रात्री उलगडून झोपायला उपयोगी पडणारा एक सोफा असतो. सोफ्याची गादी आणि तिच्याखालची प्लायवूडची फळी उचलली की खाली पेटीसारखी पोकळी दिसते. आपल्याकडच्या घरांतील दिवाणाची आठवण व्हावी अशीच ही रचना. फरक एवढाच, की दिवाण एका जागी उभा असतो आणि हा सोफा तासाला शंभर किलोमीटर वेगाने धावत असतो. सगळा प्रश्न या फरकातून उद्भवतो.

या जागेविषयी जो सल्ला सर्रास दिला जातो, त्याचे सार असे : लहान घरात एकही कोपरा वाया जाऊ देऊ नये, सोफ्याखाली जितके मावेल तितके भरावे, त्यासाठी चौकोनी डबे घ्यावेत, हवा काढून घट्ट दाबलेल्या पिशव्या घ्याव्यात. या सल्ल्यामागचे गृहीतक आम्हांस मान्य नाही. रिकामी जागा म्हणजे वाया गेलेली जागा, हे ते गृहीतक. ते मुक्कामी घराच्या हिशेबातून आले आहे. चालत्या घरात जागेची मोजणी तीन मापांनी करावी लागते : किती मावते, किती वजन होते आणि हात कुठवर पोहोचतो. पहिले माप सर्वांना दिसते. उरलेली दोन दिसत नाहीत, आणि घात त्यांच्यातच असतो.

एक साधा हिशेब करून पाहू. सोफ्याखालची पोकळी दीड मीटर लांब, ६० सेंटीमीटर खोल आणि ३५ सेंटीमीटर उंच आहे, असे समजा. हे ३१५ लिटर झाले. त्यातून चाकावरचा उंचवटा, पाण्याचा पंप, नळ्या आणि तारा यांसाठी एक तृतीयांश वजा केले, तरी दोनशे लिटरांहून थोडी अधिक जागा उरते. तीत दुलया आणि उशा भरल्या, तर वीसएक किलो भार होईल. तीच जागा पुस्तकांनी भरली, तर शंभर किलोंच्या पुढे जाईल. पाण्याच्या बाटल्या आणि डबाबंद अन्न भरले, तर दोनशेच्या घरात. जागा तीच; पण एका निवडीत ती निरुपद्रवी आहे आणि दुसऱ्या निवडीत दोन-तीन धडधाकट माणसे सोफ्याखाली दडवून ठेवल्यासारखे आहे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या ट्रेलरवर सामानाच्या वजनाची कमाल मर्यादा सांगणारी पट्टी चिकटवलेली असते. ती मर्यादा घनफळाविषयी काहीच बोलत नाही.

शिवाय वजन किती, याइतकेच ते कुठे, हेही महत्त्वाचे. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडावर, म्हणजे ओढणाऱ्या मोटारीवर यावा, असा सर्वमान्य संकेत आहे. हा भार कमी पडला, तर वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे हेलकावू लागतो आणि एका मर्यादेनंतर तो चालकाच्या हातात राहत नाही. सोफा चाकांच्या मागच्या बाजूला असेल, तर त्याखाली ठेवलेला प्रत्येक किलो पुढचा भार हलका करतो. सोफा चाकांच्या आसपास असेल, तर तीच जागा जड वस्तूंसाठी ट्रेलरमधील उत्तम जागा ठरते. कारण ती खालीही आहे आणि मध्येही. म्हणजे 'सोफ्याखाली काय ठेवावे' याचे सर्वांना लागू पडेल असे एक उत्तर संभवत नाही. आधी सोफा कुठे आहे, ते पाहावे लागते.

आता साहित्याकडे वळू. कारण माणसे सामान का भरतात, हे अभियांत्रिकी सांगत नाही.

क्लिंटन ट्विस यांच्या १९५१ च्या 'द लाँग, लाँग ट्रेलर' या पुस्तकावरून व्हिन्सेंट मिनेली यांनी १९५४ मध्ये त्याच नावाचा चित्रपट केला. ल्युसील बॉल आणि डेझी अर्नाझ यांनी त्यात नवविवाहित दांपत्याच्या भूमिका केल्या. नायिका टेसी प्रवासात जागोजागचे दगड आठवण म्हणून गोळा करते. उंच डोंगरी रस्ता समोर येतो, तेव्हा पती ते टाकून द्यायला सांगतो. ती मात्र टाकत नाही, ट्रेलरमध्येच लपवते. पुढे चढावर ते दगड घरंगळू लागतात आणि प्रेक्षक हसतात. विनोद बाजूला ठेवून पाहिले, तर टेसीची मागणी साधी आहे. जिथे थांबलो, तिथले काहीतरी आपल्या घरात असावे. चालत्या घराकडे ती स्थिर घराची अपेक्षा करते. पतीला रस्ता दिसतो, तिला अंगण दिसते. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. परंतु उतारावरचा ब्रेक फक्त एकाच्या बाजूने असतो.

जॉन स्टाइनबेक यांचे 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' हे १९६२ चे पुस्तक आपल्याकडेही परिचित आहे. त्यांनी १९६० मध्ये चार्ली या कुत्र्यासह अमेरिकेची परिक्रमा केली. त्यांचे वाहन मागे ओढायचा ट्रेलर नव्हते. छोट्या मालमोटारीवर बसवलेली ती खोली होती. लहान बोटीच्या केबिनसारखी ती त्यांनी मुद्दाम बनवून घेतली होती आणि तिला नाव दिले होते दोन किहोतेच्या घोड्याचे, रोसिनांते. बोटीच्या केबिनमध्ये बैठकीखाली सामान ठेवण्याची पद्धत मुरलेली असते, आणि तेथे प्रत्येक वस्तू जागच्या जागी अडकवलेली असते. हे सारे ठाऊक असूनही स्टाइनबेक यांनी गाडी वाजवीपेक्षा जास्त भरली. हत्यारे, अवजारे, लेखनसाहित्य, आणि एरवी वाचून होत नाहीत अशी दीडशे पौंड, म्हणजे सुमारे ६८ किलो पुस्तके! पुढे ओरेगॉनमध्ये पावसात टायर फुटला, तेव्हा या अतिरिक्त भाराची त्यांना जाणीव झाली. या पुस्तकातील संवाद आणि प्रसंग कितपत घडले, याविषयी गेल्या काही वर्षांत शंका घेतल्या गेल्या आहेत. सामानाची ही यादी मात्र आम्हांस अत्यंत खरी वाटते. न वाचलेली पुस्तके प्रवासात नेणारा माणूस खोटा कसा असेल? आपण प्रवासात कोण होणार आहोत, याच्या कल्पनेला तो भाडे भरत असतो.

तिसरे उदाहरण जेसिका ब्रूडर यांच्या 'नोमॅडलँड' या २०१७ च्या वृत्तान्तग्रंथाचे आणि क्लोई झाओ यांनी त्यावरून केलेल्या २०२० च्या चित्रपटाचे. २००८ च्या आर्थिक संकटानंतर घराचे भाडे किंवा कर्ज परवडेनासे झालेली वयस्क माणसे वाहनांतून राहतात आणि गोदामांत, छावण्यांच्या मैदानांवर हंगामी कामे करतात. त्यांचे जगणे या ग्रंथात आले आहे. त्यातील लिंडा मे एका इवल्याशा जुन्या ट्रेलरमध्ये राहते. त्या ट्रेलरला तिने 'स्क्वीझ इन' असे नाव दिले आहे. दाटीवाटीने आत शिरा, असे सुचवणारा तो श्लेष आहे. चित्रपटातील फर्न व्हॅनमध्ये राहते. तिने वडिलांनी जमवून दिलेल्या ताटल्या जपून ठेवल्या आहेत. मदत करायला आलेल्या एका स्नेह्याच्या हातून त्या फुटतात, आणि ती तुकडे चिकटवत बसते.

सामान आवरण्याविषयीचा सरसकट सल्ला येथे अपुरा पडतो. टेसीला दगड टाकायला सांगता येते, कारण तिच्यापुढे पर्याय आहेत. स्टाइनबेक यांना पुस्तके घरी ठेवायला सांगता येते, कारण घर आहे. ज्यांचा ट्रेलर हेच एकमेव घर आहे, त्यांना 'अनावश्यक ते काढून टाका' असे सांगणे म्हणजे गतायुष्याचा शेवटचा पुरावा रस्त्यावर ठेवायला सांगणे होय. वजनाचा नियम अर्थात त्यांनाही तितकाच लागू आहे. उतार कुणाची परिस्थिती पाहत नाही. म्हणून आमचे म्हणणे असे, की सोफ्याखालच्या जागेचा चांगला उपयोग म्हणजे तिच्यात जास्त भरणे नव्हे. निकडीच्या, हौसेच्या आणि आठवणीच्या वस्तूंचा हिशेब तेथे उघडपणे मांडला गेला पाहिजे. टेसीचा घोटाळा दगड ठेवण्यात नव्हता. ते लपवण्यात होता. जे वजन मोजले गेले, त्याच्यासाठी दुसरे काही काढता येते. लपवलेल्या वजनाचे काहीच करता येत नाही.

हे तत्त्व व्यवहारात कसे उतरते, तेही सांगितले पाहिजे. नाहीतर ही चर्चा पुन्हा हवेतील अवकाशाकडेच जायची. प्रथम ती पोकळी पूर्ण रिकामी करावी आणि आत काय आहे ते पाहावे. पाण्याचा पंप आणि त्याची गाळणी तेथे असल्यास त्यांच्यापर्यंत हात जाण्याचा रस्ता कायम मोकळा ठेवावा. हवा गरम करणाऱ्या भट्टीची जाळी सोफ्याच्या पुढच्या फळीत असेल, तर तिच्यासमोर वा मागे काहीही दाटून ठेवू नये. रंग, स्पिरिट, इंधन यांना तर या जागेत थाराच देऊ नये.

दुसरा प्रश्न हाताच्या पोहोचीचा. वरची फळी उचलूनच आत जाता येत असेल, तर बसलेल्याला उठवावे लागते, गादी हलवावी लागते. रात्री सोफा उलगडल्यावर तर ती जागा असून नसल्यासारखी. अशा पेटीत वस्तू ठेवल्या जातात, पण वापरल्या जात नाहीत. समोरच्या फळीत एक दार बसवले, तर निम्मा प्रश्न सुटतो. मात्र ही फळी पुष्कळदा बैठकीचा भार पेलत असते. म्हणून ती कापण्यापूर्वी तपासावी आणि भोकाभोवती आतून लाकडी पट्ट्यांची चौकट द्यावी. सरकत्या खणांपेक्षा साधे दार आणि आत ओढून घेता येतील असे ठेंगणे डबे आम्हांस अधिक सयुक्तिक वाटतात; खणांच्या पेट्या आणि पट्ट्या स्वतःच जागा खातात आणि वजन वाढवतात. दाराला धक्क्याने न उघडणारी कडी हवी, आणि प्रत्येक डबा एकट्या माणसाला उचलता येईल एवढाच असावा.

तिसरी गोष्ट ओलाव्याची. बाहेरची भिंत थंड असते आणि आतल्या श्वासांची, स्वयंपाकाची वाफ तिच्यावर पाणी होऊन जमते. कपडे आणि कागद भिंतीला टेकवून ठेवले, तर महिन्याभरात त्यांना बुरशी धरू शकते. तळाशी लाकडी पट्ट्या आणि भिंतीपासून दोन बोटे अंतर, एवढ्याने पुष्कळ काम होते. हवेसाठी सोडलेली ही दोन बोटे रिकामीच दिसतात, तरीही ती वाया गेलेली नसतात.

मग एक यादी. दाराच्या आतल्या बाजूस चिकटवलेली, प्रत्येक वस्तू आणि तिचे वजन नोंदवणारी. भरलेला ट्रेलर एकदा मालमोटारींच्या वजनकाट्यावर नेला, म्हणजे ही यादी किती खरी आहे ते कळते. आणि या यादीत एक डबा आठवणींचा असावा. त्याचे वजन लिहिलेले असावे, आतल्या वस्तू मऊ कापडात बांधलेल्या असाव्यात, आणि त्याच्यासाठी डबाबंद अन्नाचे दोन थर कमी करावे लागले, तर ते खुशाल करावेत. अन्न पुढच्या गावात मिळते. फर्नच्या ताटल्या मिळत नाहीत.

प्रवासवर्णन वर्गात शिकवताना आपण विद्यार्थ्यांना लेखकाने काय पाहिले, हे विचारतो. त्याने बरोबर काय नेले, कशावर बसून नेले आणि कशाचे ओझे झाले, हेही विचारावे, अशी आमची सूचना आहे. रोसिनांतेमधील पुस्तकांच्या ओझ्यात स्टाइनबेक यांच्या प्रवासाचा हेतू दिसतो, टेसीच्या दगडांत तिचा संसार दिसतो, आणि लिंडा मेच्या ट्रेलरच्या आकारात तिच्या देशाची अर्थव्यवस्था. पुढच्या वेळी एखादे प्रवासवर्णन वाचायला घेताना सामानाची यादी ओलांडून पुढे जाऊ नये. ती बारकाईने वाचावी, आणि शक्य झाल्यास तिची बेरीजही करून पाहावी.